१२ कोंबड्यांना ४ बाय ३ फुटांचं खुराडं पुरेल का?

देवरूखकरीण:
मागच्या परड्यात फणसाखाली जागा आहे. ११ गावठी कोंबड्या आणि १ कोंबडा आणायचा विचार आहे, अंडी घरापुरती. सुतार म्हणतो, "वहिनी, ४ बाय ३ चं खुराडं बक्कळ झालं, नुसती झोपायची तर आहेत." सासूबाईंचं तिसरंच: "आमच्या कोंबड्या आंब्यावर बसायच्या, खुराडं हवंय कशाला?" नक्की केवढं करू?

परसातले काका:
ताई, सुताराने हिशेब मे महिन्याचा केलाय, तुम्ही जुलैचा करा. ४ बाय ३ म्हणजे कोंबडीमागे जेमतेम १ चौरस फूट. झड लागली की कोंबड्या दोन-दोन दिवस बाहेर पडत नाहीत. मग एकमेकींना टोचणं, शेपटाची पिसं उपटणं सुरू. सकाळी दार उघडल्यावर तुमचेच डोळे चुरचुरले तर समजा, आत अमोनिया कोंडलाय. माझं पहिलं खुराडं याच मापाचं होतं, दुसऱ्या पावसाळ्यात मोडलं.

रात्रीपुरतं धरलं तरी डोक्यामागे २ चौरस फूट द्या, म्हणजे ६ बाय ४. जमिनीपासून दीड-दोन फूट उचलून घ्या, वर छपराखाली वाऱ्याला जाळी ठेवा. शेजारी पत्र्याखाली १० बाय ८ ची जाळीबंद पडवी काढलीत तर पावसाचं टेन्शनच नाही. बसायला दांडा कोंबडीमागे ९ इंच, म्हणजे ६ फुटी दोन. दोन्ही एकाच उंचीवर, नाहीतर वरच्यासाठी रोज संध्याकाळी मारामारी. अंड्यांना फूटभराची ३ खोकी पुरेत. घालणार सगळ्या एकातच, ते सोडा.

कुडाळचा कोंबडेवाला:
काका, खुडूक कोंबडीचं राहिलं की! गावठी आहेत, एखादी अंडी उबवायला बसणारच. २१ दिवसांनी आठ-दहा पिल्लं, त्यांना २ बाय २ चा वेगळा कप्पा हवा. आणि षटकोनी जाळी नको, अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या. मुंगसाने माझी ती पातळ जाळी वाकवून एका रात्रीत चार नेल्या.

देवरूखकरीण:
६ बाय ४ ऐकून सुतार म्हणाला, "मग माणसंच ठेवा की!" पण तयार झाला. दार फूटभराचं ठेवतोय, चालेल?

परसातले काका:
कोंबडीला चालेल. पण विष्ठा-तूस खरवडून कोण काढणार? खराट्यासकट तुमचं अर्धं अंग आत जाईल एवढं ठेवायला सांगा.