मदत हवी आहे : आपणच मॉन्स्टर असलेला हॉरर आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ), मास्करेड, रेक्विएम की मॉन्स्टरहार्ट्स?

चार खेळाडू आणि एक जीएम (खेळ चालवणारा) असा ग्रुप आहे. सगळ्यांना डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स) पाचवी आवृत्ती येते. आता आजच्या काळातल्या शहरात आपणच मॉन्स्टर असलेला खेळ हवाय. तीन-तीन तासांची आठेक सेशन्स होतील. एकाला व्हॅम्पायर व्हायचंय, एकीला वेअरवुल्फ, बाकी दोघांना काहीही चालेल. 'व्हॅम्पायर: द मास्करेड' (पाचवी आवृत्ती), 'व्हॅम्पायर: द रेक्विएम' (दुसरी) आणि 'मॉन्स्टरहार्ट्स 2' यांत अडकलोय.

प्रतिसाद १
व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फ एकाच टेबलावर हवे असतील तर मास्करेड नको. वेअरवुल्फचा पाचव्या आवृत्तीतला वेगळा खेळ 2023 मध्ये आला, पण एकात भुकेचे फासे, दुसऱ्यात रेजचे (रागाचे), आणि कथेत दोघे एकमेकांचे वैरी. सरळ मॉन्स्टरहार्ट्स घ्या. सहा बाजूंचे दोन फासे अधिक पात्राच्या एका गुणाचा आकडा. 10 किंवा वर आलं की काम फत्ते, 7 ते 9 म्हणजे अर्धवट, त्याखाली जीएमची पाळी. चार हार्म (इजा) झाले की मरण दारात. खरं हत्यार म्हणजे स्ट्रिंग्ज, एकाची दुसऱ्यावरची पकड. डी अँड डीवाले इथेच घसरतात: 'मिशन काय?' म्हणून वाट बघत बसतात. मिशन नसतं. पात्रं एकमेकांच्याच मागे लागतात.

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादात महत्त्वाचं राहिलं. मॉन्स्टरहार्ट्सची पात्रं शाळकरी वयाची असतात आणि आकर्षण हा थेट नियमांचाच भाग आहे. काय दाखवायचं, काय पडद्याआड ठेवायचं आणि काय अजिबात नको, हे पात्रं बनवण्याआधी बोलून घ्या. एक्स-कार्ड (नको असलेला प्रसंग थांबवायला बोट ठेवायचं कार्ड) टेबलावर ठेवा.

रेक्विएमही मिश्र ग्रुपला चालतं, कारण ते ज्या मालिकेतलं आहे त्या क्रॉनिकल्स ऑफ डार्कनेसच्या सगळ्या खेळांचा पाया एकच: दहा बाजूंचे फासे, 8 किंवा वर यश, 10 आला की तो फासा पुन्हा, पाच यशं म्हणजे विशेष यश. पण कंडिशन्सची (पात्राच्या तात्पुरत्या अवस्थांची) कार्डं सांभाळावी लागतात आणि वेअरवुल्फचं पुस्तक वेगळं घ्यावं लागतं. आठ सेशन्ससाठी जरा जडच.

धागाकर्ता
विचारलं. दोघांना शाळकरी पात्रं नकोत. वेअरवुल्फचा हट्ट सुटला, सगळे व्हॅम्पायर चालतील.

प्रतिसाद ३
मग मास्करेडच. 1991 पासून साठलेला इतिहास वाचत बसू नका. एक शहर, एक प्रिन्स (शहरातल्या व्हॅम्पायर्सचा म्होरक्या), दोन भांडणं पुरे. लोरशीट्स (पात्राला त्या इतिहासाशी जोडणारी पानं) पहिल्या दोन सेशन्सला बाजूला ठेवा.

फासे: दहा बाजूंचे साधे दहा आणि लाल पाच टेबलावर ठेवा. भुकेच्या आकड्याइतके फासे लाल: पूल (एका वेळी टाकायचे फासे) सहाचा आणि भूक 3 असेल तर तीन साधे, तीन लाल. 6 आणि वर यश. दहाची जोडी म्हणजे चार यशं. त्या जोडीत लाल दहा असेल तर काम होतं पण रक्ताळलेलं. फसलात आणि लाल फाशावर 1 आला तर आतला पशू डोकं वर काढतो. पूल अडचणीच्या (लागणाऱ्या यशांच्या) दुप्पट असेल तर फासे टाकूच नका, यश धरा.

खेळ सपक होतो तो बहुतेकदा एकाच कारणाने: जीएम राउज चेक विसरतो. शक्ती वापरली की एक फासा, 5 किंवा खाली आला की भूक एकाने वाढली. म्हणजे निम्म्या वेळा. हा फासा पडला नाही तर उरतात दात असलेले सुपरहीरो. भूक 0 वर आणायची तर माणूस मारावाच लागतो. ती किंमत टेबलाला मान्य आहे का, हे शून्याव्या सेशनमध्येच (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) ठरवा.

त्याच सेशनमध्ये क्रॉनिकल टेनेट्स (सगळ्या टेबलाची नैतिक तत्त्वं) ठरवा, तीनहून जास्त नकोत. प्रत्येक कन्व्हिक्शनमागे (पात्राच्या स्वतःच्या तत्त्वामागे) एक जिवंत माणूस, म्हणजे टचस्टोन, लागतो. एकाचा टचस्टोन दुसऱ्याच्या शिकारीच्या भागात राहतो असं जमवलंत तर पहिल्या दोन सेशन्सचा मसाला आयता मिळतो.

मारामारी तीन फेऱ्यांत थांबवा, पुस्तकही तेच सुचवतं. नाहीतर तुमचा डी अँड डीचा ग्रुप अख्खं सेशन एका गल्लीत घालवेल.