१७१६ नंतरचे कांताकुझिनो

असं म्हटलं जातं की १७१६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला वालाकियाचा (आजच्या रुमानियाचा दक्षिण भाग) राजा श्तेफान आणि त्याचे वडील कॉन्स्टँटिन यांना ठार केल्यावर त्यांचं कांताकुझिनो घराणं संपलं. वालाकियाची गादी गेली हे खरं, पण इतर शाखा टिकल्या. ‘नबाब’ म्हणून ओळखला जाणारा गेओर्गे ग्रिगोरे दोनदा रुमानियाचा पंतप्रधान झाला. बुखारेस्टमधल्या त्याच्या वाड्यात आज संगीतकार एनेस्कूचं संग्रहालय आहे.

पण माझ्या मते खरा विलक्षण माणूस त्याचा नातू, वैमानिक कॉन्स्टँटिन ऊर्फ ‘बाझू’. ऑगस्ट १९४४ मध्ये रुमानिया जर्मनीची बाजू सोडून दोस्त राष्ट्रांकडे गेला, तेव्हा बुखारेस्टमधल्या अमेरिकन युद्धकैद्यांची खबर इटलीतल्या अमेरिकन हवाई तळावर पोचवायची होती. बाझूचं मेसरश्मिट १०९ हे जर्मन लढाऊ विमान एकआसनी, म्हणून मागच्या भागातलं रेडिओचं सामान काढून तिथे कैद्यांतले वरिष्ठ अधिकारी लेफ्टनंट कर्नल जेम्स गन यांना कोंबलं. झडप बाहेरून बंद, म्हणजे विमान पडलं तर सुटकेची वाटच नाही. अमेरिकनांनी शत्रूचं समजून पाडू नये म्हणून दोन्ही बाजूंना मोठे अमेरिकन झेंडे रंगवले. २७ ऑगस्टला ते दोघे इटलीत फोज्जाजवळ सुखरूप उतरले आणि आठवड्याभरात हजारावर कैदी विमानांनी बाहेर काढले गेले.