साखर बंद करायची आहे, सुरुवात कुठून करू?

अर्धाकप

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसतं डोक्यात होतं, आता मनावर घेतलंय. साखर बंद करायची. मला मधुमेह नाही, तपासण्याही ठीक आल्यात. पण आईकडे आणि वडिलांकडे, दोन्हीकडे मधुमेह आहे आणि माझं गोड खाणं आता माझं मलाच जास्त वाटायला लागलंय. चहा आणि कॉफी मिळून दिवसाला चारेक कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. दुपारी चारला बिस्किटं. रात्री जेवण झालं की 'काहीतरी गोड' शोधत स्वयंपाकघरात एक फेरी ठरलेली. शिवाय सकाळी फळांचा रस, तो पौष्टिक म्हणून.

एकदम बंद करावं की हळूहळू? फळं चालतात का? साखरेऐवजी मध किंवा गूळ घेतला तर? त्या गोडीच्या गोळ्यांचं काय? आणि पहिल्या आठवड्यात डोकं ठणकतं म्हणतात, ते खरं आहे का?

जुने धागे चाळले, पण तिथे दहाव्या प्रतिसादानंतर केटोवाले (पोळी-भात, साखर जवळजवळ बंद करणारे) विरुद्ध बाकी जग अशी जुंपलेली दिसली. तेवढं इथे टाळूया. जाणकारांनी प्रकाश टाकावा. पावडरी आणि गोळ्या विकणाऱ्यांनी कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नये.

तिरकस

साखर सोडल्यावर माणूस जास्त जगतो की नुसतं जास्त जगल्यासारखं वाटतं, याचा खुलासा आधी व्हावा. (हलके घ्या. वाचतोय.)

पाटीपेन्सिल

अर्धाकप, आधी कुठली साखर सोडायची ते ठरवा. हे न ठरवता उडी मारणारे आठवडाभरात केळं खावं की नाही यावर घरच्यांशी वाद घालत बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये याबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात मर्यादा घातली आहे ती 'मुक्त' साखरेवर. म्हणजे आपण किंवा कारखान्याने वरून घातलेली साखर, आणि तिच्याच जोडीला मध, पाक, सिरप आणि फळांच्या रसातली साखर. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर या हिशेबात धरत नाहीत. दिवसभरातल्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी मुक्त साखर असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या खाली आणावी, असं ते सांगतात. २००० कॅलरींचा आहार धरला तर १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम.

आता तुमचा हिशेब. सपाट चमचा साधारण ४ ग्रॅमचा. चार कपांत आठ चमचे, म्हणजे ३२ ग्रॅम. बिस्किटाचं पाकीट फोडायच्या आधीच तुम्ही २५ च्या पुढे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिला महिना फक्त प्यायच्या गोष्टींवर लक्ष द्या, खाण्याला हात लावू नका. प्यायलेल्या साखरेने पोट भरत नाही, ती लक्षातही राहत नाही, आणि बहुतेकांची सगळ्यात मोठी चोरवाट तीच असते. कोलाच्या ३३० मिलीच्या एका कॅनमध्येच ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते.

मध, गूळ, ब्राऊन शुगर याबद्दल: चव वेगळी, रंग वेगळा, हिशेब तोच. आवडतात म्हणून खा, पण साखर सोडली असं म्हणू नका.

नलूमावशी

पाटीपेन्सिल यांना अनुमोदन. चहाचं मी सांगते, त्यात माझा हात बसलाय.

अर्धाकप, दोन चमच्यांवरून थेट शून्यावर येऊ नका. असा चहा चार दिवस तोंड वाकडं करून प्याल आणि पाचव्या दिवशी परत दोन चमचे. आधी चमचा सपाट करा. आपला 'एक चमचा' म्हणजे वर डोंगर असतो, बोटाने तो डोंगर उतरवला तरी केवढी साखर कमी होते बघा. मग पावणेदोन, मग दीड. प्रत्येक पायरीवर तो चहा नेहमीचा वाटायला लागेपर्यंत थांबायचं, मगच खाली उतरायचं. जीभ सरावते. नंतर कुणी जुन्या मापाचा चहा दिला तर तोच पाकासारखा लागतो.

अजून एक, आणि हे कुणी सांगत नाही. चहा फार उकळला की तुरट, कडू होतो आणि तो कडूपणा झाकायला साखर लागते. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, पावडर घाला, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं मुरू द्या, गाळा आणि मग गरम दूध. असा चहा कमी साखरेत गोडसर लागतो. कॉफी कडू वाटत असेल तर मिठाचे चार कण टाकून बघा. हसू नका, कडूपणा खरंच दबतो.

खारा_शेंगदाणा

चहाबाबत मावशींशी सहमत, बिस्किटांबाबत नाही. बिस्किटं हळूहळू कमी होत नसतात. पाकीट उघडलं की संपतं, हा निसर्गनियम आहे. ती घरात आणायचीच नाहीत. इच्छाशक्ती दुकानात एकदा वापरा, म्हणजे घरी दिवसातून दहा वेळा वापरावी लागत नाही.

आणि चारची भूक खरी असते, तिला खोटी ठरवू नका. दुपारचं जेवण बघा. नुसता ब्रेड किंवा नुसता भात खाल्ला असेल तर चारला पोट ओरडणारच. जेवणात डाळ, अंडं, दही, चीज, मासे असं प्रथिनांचं काहीतरी नीट असू द्या, भाजी वाढवा. तरी भूक लागली तर मूठभर शेंगदाणे किंवा बदाम. (माझं नाव बघून पक्षपाताचा आरोप करू नये.)

डोकेदुखीबद्दल. पुष्कळ लोक साखर सोडायची म्हणून चहा-कॉफीच बंद करतात, डोकं धरून बसतात आणि दोष साखरेला देतात. ती डोकेदुखी बऱ्याचदा कॅफिनची असते. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होते, पहिल्या एक-दोन दिवसांत जोरात असते आणि आठवडाभरात बहुतेकांची जाते. तेव्हा चहा चालू ठेवा, साखर तेवढी कमी करा. दोन आघाड्या एकदम उघडू नका.

रात्रपाळी

माझी रात्रीची ड्युटी असते, त्यामुळे माझं अर्धं खाणं पाकिटातलं. म्हणून पाकिटाच्या मागची अक्षरं वाचायची सवय लागली. थोडं त्यावर.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिघांत साखर दिसली तर पाकीट परत ठेवायचं, एवढा साधा नियम मला पुरतो. अडचण अशी की ती एका नावाने येत नाही. डेक्स्ट्रोज, माल्टोज, ग्लुकोज सिरप, कॉर्न सिरप, इन्व्हर्ट सिरप, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट... चार नावांत विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं. केचप, सॅलडचं ड्रेसिंग, न्याहारीचे सीरियल्स, फ्लेवरवालं दही हे त्यातले मुरलेले कलाकार. मोठा चमचाभर केचपमध्ये जवळजवळ छोटा चमचाभर साखर असते. गोड लागत नाही, कारण आंबट आणि खारट तिला झाकतात.

'शुगर-फ्री' बिस्किटांचं तर विचारूच नका. साधं पाकीट आणि शुगर-फ्री पाकीट शेजारी धरून मागचे तक्ते ताडून बघा. 'साखर' या ओळीत फरक असतो, पण मैदा तोच, तेल तेच, आणि कॅलरी पुष्कळदा थोड्याच कमी. कोडेक्सच्या (अन्नपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या) निकषाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसली की पदार्थाला शुगर-फ्री म्हणता येतं. पिष्टाबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पावडर) तक्त्यात 'साखर' म्हणून मोजलं जात नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असेल तर बेताने खा, जास्त झालं की पोट बिघडतं. अख्खं पाकीट रिचवून कामावर गेलेल्या एका सहकाऱ्याची ती रात्र कुठे गेली हे इथे लिहीत नाही.

अर्धाकप

बापरे, धाग्याचं सोनं केलंत. हे वाचून आत्ता दुधाचं पाकीट बघितलं, तर त्यावर १०० मिलीमागे साखर ५ ग्रॅम लिहिलंय! म्हणजे दूधही गेलं का? आणि रसाचं कुणी नीट सांगेल का? मी घरी काढतो, वरून साखर अजिबात घालत नाही.

पाटीपेन्सिल

दूध कुठेही जात नाही. ती लॅक्टोज, दुधाची स्वतःची साखर. साध्या दुधात १०० मिलीला साधारण ५ ग्रॅम असतेच. तक्त्यात 'एकूण साखर' आणि 'वरून घातलेली साखर' अशा दोन ओळी असतील तर दुसरी बघा. एकच ओळ असेल तर साध्या दह्याचा आकडा आणि फ्लेवरवाल्या दह्याचा आकडा यांची वजाबाकी करा, कारखान्याने किती घातली ते कळेल.

रस मात्र बंद करा. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात. तीच संत्री सोलून खायला बसलात तर दुसऱ्यातच हात थांबेल. रस काढताना चोथा मागे राहतो, चावायचं काम उरत नाही आणि २० ग्रॅमच्या वर साखर दोन मिनिटांत पोटात. म्हणूनच घरी काढलेला, वरून काही न घातलेला रसही मुक्त साखरेतच धरतात. फळ अख्खं खा, बिनधास्त खा. रात्रीच्या त्या फेरीलाही अर्धं सफरचंद कामी येईल.

तिरकस

गोडीच्या गोळ्यांवर, म्हणजे त्यांत आणि डाएट कोलात असतं त्या अ‍ॅस्पार्टेमवर, कुणीच बोलेना. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर महिन्याला 'अ‍ॅस्पार्टेमने कॅन्सर' येतं, आणि पाठवणारे काका स्वतः डाएट कोला पितात.

रात्रपाळी

काकांचा मेसेज अर्ध्या बातमीवर उभा आहे. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला '२बी' गटात टाकलं, म्हणजे 'कर्करोगकारक असण्याची शक्यता, पण पुरावा मर्यादित'. त्याच वेळी अन्नातल्या अ‍ॅडिटिव्हजचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम, म्हणजे होती तीच ठेवली. एका डाएट कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरलं तर ७० किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन लागतील, तेही दुसऱ्या कशातून अ‍ॅस्पार्टेम जात नसेल तर. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र ते घ्यायचंच नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. गोळी टाकली की जिभेला गोडाची तीच पातळी मिळत राहते आणि मावशी म्हणतात तो सराव होतच नाही. वजन आटोक्यात ठेवायचं साधन म्हणून असे पदार्थ वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२३ मध्ये सांगितलं. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना मात्र ती शिफारस लागू नाही.

नलूमावशी

मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगते. हा धागा वाचून ज्यांना इन्शुलिन चालू आहे किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी परस्पर खाणं तोडू नये. औषध तेवढंच आणि खाणं एकदम कमी, असं झालं की साखर धोकादायक खाली जाते. आमच्या यजमानांना इन्शुलिन आहे. घाम फुटला, हात थरथरले, बोलण्यात गोंधळ झाला की आधी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, मग पंधरा मिनिटांनी परत तपासणी, डॉक्टरांनी हे पाठ करून घेतलंय. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ रुग्णवाहिका बोलवायची. आणि अशा वेळी डाएट कोला कामाचा नाही, खरी साखरच हवी. त्यामुळे आमच्या घरातून साखरेचा डबा हलत नाही.

अर्धाकप

मावशी, हे वडिलांना आत्ताच वाचून दाखवलं. त्यांचं ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवतील.

माझ्यापुरतं ठरलं: रस आजपासून बंद, चहा पायरीपायरीने, बिस्किटं आणायची नाहीत. पाकिटांकडे महिनाभराने वळेन. एकच शंका राहिली. ऑफिसात कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. केक नाही म्हटलं की 'एवढंसं काय होतं' सुरू.

तिरकस

'साखर सोडलीय' असं जाहीर केलंत की संपलात. मग प्रत्येक जण तुमचा आहारतज्ज्ञ. 'आत्ता नको, पोट भरलंय' म्हणा आणि हातात चहाचा कप धरा. मोकळा हात दिसला की लोक त्यात बशी देतात.

खारा_शेंगदाणा

+१. आणि जवळच्या माणसाचा वाढदिवस असेल तर खा की सरळ! तो एक तुकडा कुणाला मारत नाही, रोजचे आठ चमचे बघा.

पानगळ

उशिरा आले धाग्यावर. साखरेऐवजी खजूर घालून केलेल्या केकला शुगर-फ्री म्हणावं का? बहीण रोज दोन तुकडे खाते, 'यात साखर नाहीच' म्हणून.

पाटीपेन्सिल

वाळलेल्या खजुराच्या वजनात निम्म्याहून बरीच जास्त साखर असते. अख्खा खजूर हे फळ आहे, त्यात तंतू आहेत, त्यामुळे तो मुक्त साखरेत मोजत नाहीत. खजुराचं सिरप मात्र मोजतात. वाटून केकमध्ये घातलेला खजूर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतो. बहिणीला म्हणावं केकला केकच म्हण, आणि रोजच्याऐवजी रविवारी खा.