ज्येष्ठांच्या प्रश्नावलीची चाचणी : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव : सर्व सभासदांस नमस्कार. जीवनाच्या गुणवत्तेविषयीच्या प्रश्नावलीची मराठी आवृत्ती तपासण्यासाठी एका संशोधक गटाला आपल्याकडील साठीपुढील रहिवाशांची मदत हवी आहे. तीच प्रश्नावली दोन आठवड्यांनी पुन्हा भरावी लागेल, यास काहींची हरकत असल्याने सर्वांनी आपले मत कळवावे.

ए-२०३ : एकदा दिलेली उत्तरे पुन्हा मागणे म्हणजे ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेण्यासारखे वाटते. आईचा फॉर्म मीच भरून देईन. तिचे सारे मला ठाऊक आहे.

सी-५०१ : परीक्षा प्रश्नावलीची आहे. प्रकृती आणि परिस्थिती तशीच असताना उत्तरांवरून मिळणारे गुण बरेच बदलले, तर त्या प्रश्नांवर विसंबता येत नाही. अंतर फार कमी ठेवले तर माणूस आठवून तेच उत्तर देतो आणि फार वाढवले तर परिस्थितीच बदललेली असते, म्हणून साधारण दोन आठवड्यांचा प्रघात आहे. याच विषयावरील जागतिक आरोग्य संघटनेच्या संक्षिप्त प्रश्नावलीत २६ प्रश्न आहेत. त्यांपैकी सामाजिक संबंधांच्या विभागात केवळ तीन असून त्यांतला एक लैंगिक जीवनाविषयी आहे, जो आपल्या वयाची मंडळी बहुधा कोराच सोडतात. मग उरलेल्या दोन उत्तरांवर तो विभाग किती तोलायचा? ज्येष्ठांसाठी त्याच संघटनेने २४ प्रश्नांची वेगळी पुरवणी केली आहे. तीत दृष्टी-श्रवणापासून स्वायत्तता आणि मृत्यूच्या भीतीपर्यंतचे विषय येतात. आईंच्या फॉर्मविषयी म्हणाल, तर चालणे-फिरणे मुलांना दिसते, मनातले तितकेसे दिसत नाही. त्यामुळे तो त्यांनीच भरावा.

बी-१०२ : मृत्यूविषयीचे प्रश्न मला मुळीच खटकत नाहीत. परंतु सूनबाई शेजारी बसलेली असताना ‘आपल्या माणसांशी असलेल्या संबंधांबाबत तुम्ही किती समाधानी आहात’ असे विचारल्यास ‘अतिशय समाधानी’ याखेरीज दुसरे उत्तर कोण देईल?

सी-५०१ : काकू, अगदी मर्मावर बोट ठेवलेत. बहुसंख्य उत्तरे वरच्या टोकालाच जमा झाली, तर पुढे खरोखर सुधारणा झाली तरी ती मोजायला वाव उरत नाही. फॉर्म घरी न भरता क्लबहाऊसमध्ये, घरच्यांच्या गैरहजेरीत भरून घ्यावेत, असे मी सुचवतो.

सचिव : तशी व्यवस्था करता येईल. छपाई मोठ्या अक्षरांत करण्यास सांगतो. एखादा प्रश्न वगळायचा असल्यास कारण विचारले जाणार नाही.

ए-२०३ : काका, आईला वाचण्यास त्रास होतो. प्रश्न वाचून दाखवणाऱ्याने त्याचा अर्थही समजावून सांगावा का?

सी-५०१ : छापलेले शब्दच सावकाश, हवे तितक्या वेळा वाचावेत. स्वतःच्या शब्दांत समजावले, तर प्रत्येकाला निराळाच प्रश्न विचारल्यासारखे होते. दुखण्यामुळे कामात किती अडथळा येतो, या प्रश्नात उत्तराचा मोठा आकडा वाईट स्थिती दाखवतो, तर बहुतेक प्रश्नांत चांगली. तिथे गोंधळ उडतोच. आई जिथे अडखळतील, तिथे त्या काय म्हणाल्या ते समासात जसेच्या तसे लिहून ठेवावे, कारण मराठी मजकूर सुधारताना संशोधकांना त्याचाच अधिक उपयोग होईल.