ओट्यावरचा बाजार

भाऊ, धुळ्याचे जुने वाडे पाडल्याशिवाय आग्रा रोडचा बाजार वाढणार नाही, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. मुळात आजचं धुळे वसवतानाच व्यापाराचा विचार होता. १८१९च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने सरळ रेषेत रस्ते आखले आणि बाहेरगावचे व्यापारी बोलावून वसवले. खाली ओट्यावर दुकान, वर माडीवर बिऱ्हाड, ही रीतच होती. म्हणजे वारसा विरुद्ध धंदा हे भांडणच उसनं आहे.

आमच्या काकांचा वाडा गेला तेव्हा मी तिथेच होतो. जुन्या लाकडाचा व्यापारी आला, सागाचे खांब बोटाने टकटक वाजवून पाहिले आणि अख्खी माडी ट्रकात भरून नेली. खांबाखालचे दगडी उथळे तेवढे राहिले. त्यातल्या एकावर आता रसवंतीवाल्याचा गल्ला असतो. नव्या कॉम्प्लेक्सचा वरचा मजला अजून रिकामाच. भाडं कुणाला परवडतं?

पण मालकाला नुसते उपदेश करून चालणार नाही. कौलं दरवर्षी गळतात, हिस्सेदार आठ, दुरुस्तीला त्यातला एकही पैसा काढत नाही. न वापरलेल्या बांधकामाचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधण्यासाठी विकता येणारा हक्क, द्या म्हणतात, पण आपल्याकडे तो विकत घेणारा बिल्डर आधी सापडायला हवा. त्यापेक्षा घरपट्टीत सूट द्या, दर्शनी भाग राखून मागे बांधू द्या. आणि वाड्यांवरचे ते फ्लेक्स उतरवा आधी, त्यामागे अजून कोरीव तुळया आहेत.