प्रति: शिष्यवृत्तीला सल्लागाराचं नाव कशाला?

'शिष्यवृत्तीला पैसे देणाऱ्याचं नाव द्या, सल्लागार प्राध्यापकाचं कशाला' हा या चर्चेत कुणीतरी मांडलेला मुद्दा अजिबात पटला नाही. अमेरिकेतल्या ऑनर सोसायट्या (अभ्यासात चमकणाऱ्या विद्यार्थ्यांना सदस्यत्व देणाऱ्या संस्था) या प्राध्यापकांच्याच जिवावर चालतात. 'अल्फा काय' घ्या, १९२२ साली टेक्सासात सुरू झालेली. तिची एक शिष्यवृत्ती आल्फ्रेड नोल यांच्या नावाची आहे. नोल टेक्सासातल्याच सॅन मार्कोसच्या कॉलेजात डीन होते आणि 'अल्फा काय'चे सचिव-खजिनदार म्हणून कित्येक दशकं राबले. हार्डिंग विद्यापीठाच्या जोसेफ प्रायर यांच्या नावानेही तिची फेलोशिप आहे.

मी तिकडे शिकत असताना आमच्या कॉलेजातल्या अशाच सोसायटीच्या सल्लागार बाई दोन तासिकांच्या मधल्या वेळात सदस्यत्वाला पात्र मुलांच्या याद्या तपासायच्या, सोसायटीच्या अधिवेशनाला जायचं तर कॉलेजची व्हॅन स्वतः चालवायच्या. माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा निबंध त्यांच्याकडून परत आला तो समासभर पेन्सिलीच्या खुणा घेऊन, आणि तीन परिच्छेद मला नव्याने लिहावे लागले. या कामाचा वेगळा पगार त्यांना नव्हता. त्या निवृत्त झाल्यावर आम्ही माजी विद्यार्थ्यांनीच वर्गणी काढून त्यांच्या नावाचा निधी उभा केला. म्हणजे पैसे देणारे आम्हीच होतो, आणि नाव त्यांचंच हवं हा आग्रहही आमचाच होता.