मुलांसोबत बागेत: खेळता खेळता काय काय शिकलात? (पुणे)

सुट्ट्या लागतायत. पोरं नुसती झोके-घसरगुंडी करून न येता चार गोष्टी बघून, विचारून घरी येतील अशा बागा पुण्यात आहेत. तुम्ही कुठे गेलात, मुलं कशात रमली ते सविस्तर लिहा ना. मी सुरुवात करते.

आम्ही सासूबाईंना घेऊन एम्प्रेस गार्डनला गेलो होतो. ३९ एकर बाग, सगळी बघायचा हट्ट धरलाच नाही, थेट गारंबीच्या वेलाशी. खोड चांगलं जाडजूड, पिळवटलेलं, या झाडावरून त्या झाडावर गेलेलं. लेक म्हणे, आई हा वेल कसा, वेल तर बारीक असतो! सासूबाई रत्नागिरीच्या, त्यांनी तिथेच बसकण मारली आणि सांगत सुटल्या, की याची शेंग हातभराहून लांब, बी चपटी, तपकिरी, गुळगुळीत, आत पोकळी असते म्हणून पाण्यावर तरंगते आणि समुद्रातून वाहत कुठच्या कुठे जाते, आम्हाला भरती ओसरली की वाळूत सापडायची. माहितीच्या पाटीसमोर लेक दोन मिनिटं थांबली नसती, आजीसमोर तासभर बसली. आजी-आजोबांना नक्की न्या.

औंधहून
झाडं नाहीत पण सांगतोच. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आयुका (पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था) सगळ्यांसाठी खुलं असतं, तिथल्या सूर्यघड्याळापाशी मुलगा अडकला. माझ्या मनगटावर बारा आणि सावली सव्वाअकराच्या जवळपास. बाबा हे बिघडलंय का? मग तिथल्या एका विद्यार्थिनीने खाली बसून नीट समजावलं, की आपलं घड्याळ भारताच्या प्रमाणवेळेवर, म्हणजे ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं, पुणे ७४ च्या जरा अलीकडे, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सुमारे ३५ मिनिटं इथेच गेली, उरलेली पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्यातली, ती वर्षभर कमीजास्त होतात. पाचवीतल्या पोराने वहीत गुणाकार करून पाहिला! इतक्या मनापासून शिकवणाऱ्या त्या मुलीला खूप आशीर्वाद.

सिंहगड रोड
पु. ल. देशपांडे उद्यान. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय, फुलं कमी, पाणी-दगड-हिरवळ जास्त. मासे बघायला मुलांना आवडतं. हिरवळीवर पळू देत नाहीत त्यामुळे अगदी लहान पिल्लं असतील तर दुसरीकडे जा.

खडकी
गणेशखिंडची बाग कुणीच कशी लिहिली नाही? १८७३ पासूनची आहे, आता जैवविविधता वारसा स्थळ आहे. आम्ही भाच्यांना आंब्याचं कलम दाखवलं. बुंध्यावरची ती जोडाची गाठ, तिच्यावरून बोट फिरवायला लावलं. खाली कोयीतून उगवलेलं रोप, वर हव्या त्या जातीची काडी, आणि फळ लागतं ते वरच्या काडीचं. धाकटी विचारते, मग खालच्याने गाठीच्या खालून फांदी काढली तर? अगदी बरोबर प्रश्न! तशी फूट आली की खुडून टाकायची, नाहीतर तीच जोर धरते आणि कलम मागे पडतं. आता घरच्या कुंडीतल्या कलमाची तपासणी रोज तिच्याकडे आहे.